कोरडी गाठ

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
९ मार्च २०२५

शैलामावशी,

आधी नमस्कार करून घेतो, कारण पुढे सगळी कुरकुरच आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर एवढा मोठा मेसेज टाकला तर तू नुसता अंगठा पाठवलास. फोन केला तर म्हणालीस, "फोनवर तू बोलतोस, ऐकत नाहीस. कागदावर लिही." म्हणून लिहितोय. शेवटचं मराठी पत्र शाळेच्या परीक्षेत लिहिलं होतं, तेव्हा सांभाळून घे.

विषय मासे. हो, मासे! तुझ्या शुभाताईचा मुलगा, ज्याच्या घरी ऑम्लेटचा तवासुद्धा बाल्कनीत ठेवत, तो तुला माशांबद्दल विचारतोय. हस हवं तेवढं.

रुही आता सोळाची. शाळेत टेनिस आहे, डिबेट आहे, पण बाईसाहेबांनी बास मासे पकडायचा, फिशिंगचा क्लब निवडला. एका बोटीत दोन मुली आणि एक मोठं माणूस, त्याला कॅप्टन म्हणतात. तिची पार्टनर आन्या. आन्याच्या आईवडिलांना शनिवारी ड्यूटी, म्हणून कॅप्टन मी. आता कॅप्टन म्हणजे काय, तर इंजिन चालवायचं आणि गप्प बसायचं. स्पर्धा सुरू झाली की रॉडला, दोऱ्याला, माशाला, कशालाच हात लावायचा नाही, असा क्लबचा नियम. मासे पकडायचे, वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचे. त्यामुळे आईला सांगताना जरा सोपं गेलं.

प्रॉब्लेम असा की आमच्या तलावात पुलाखाली नुसते दगड आहेत आणि बास मेले तिथेच राहतात. जड डोक्याच्या गळाची ती जिग तळाला गेली की दगडात अडकते. अडकली नाही आणि चुकून मासा लागलाच, तर ओढताना दोरा तुटतो. मागच्या वेळी सगळी पोरं पिशव्या घेऊन वजनाच्या रांगेत, आणि आमच्या दोघी रिकाम्या हातांनी ट्रेलरपाशी उभ्या.

मी रीतसर रिसर्च केला. एक्सेल शीट बनवली, रिव्ह्यू वाचले, सगळ्यांत मजबूत म्हणतात तो वेणीचा दोरा आणला. रुही दुसरंच काहीतरी मागत होती, पण तिचं काय, यूट्यूबवर जे दिसेल ते तिला हवं असतं. जिग जड घेतल्या, म्हणजे तळ पटकन मिळेल. तरी हा प्रकार! खरं सांगू का, सामान ठीक आहे, पोरीलाच पेशन्स नाही.

आता ती म्हणते, "वन मोअर डे लाइक धिस अँड आय अ‍ॅम डन." शिवांगी तर तिची आई असून म्हणते, सोडते तर सोडू दे ना, कशाला डोकं फोडतोस. पण मावशी, घरात रुही माझ्यासमोर पाच मिनिटं टिकत नाही. कानात ते इयरबड्स, खोलीचं दार बंद. फक्त त्या बोटीत ती माझ्याजवळ बसते, कारण तिथून उठून जाता येत नाही. थोड्या दिवसांनी कॉलेजला जाईल. मला ती बोट घालवायची नाहीये.

तू डेलावेअर नदीत इतकी वर्षं बास पकडलेस. कुठली जिग, कुठला दोरा, एवढंच सांग. फिलॉसॉफी नको.

तुझा,
केदार

*

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१६ मार्च

केदारबुवा,

फिलॉसॉफी मला येतच नाही, तेव्हा निश्चिंत राहा.

तू आणलेला दोरा तणाला चांगला, दगडाला वाईट. वेणी म्हणजे बारीक बारीक धागे. दगडाच्या धारेवर एकेक धागा कापला जातो आणि मासा लागला की उरलेले मान टाकतात. तुझ्या शीटमध्ये 'मजबूत' असा कॉलम असेल, 'दगडावर घासल्यावर' असा नसेल. फ्लोरोकार्बन आण. दिसायला नायलॉनसारखा, पण पाण्यात बुडतो, घासणं सोसतो आणि तळाची बातमी बोटापर्यंत आणतो. रुही हेच मागत होती का रे? विचारून बघ, मला उगाच शंका आली.

जिग. तुझ्या जिगचं डोकं पुढे निमुळतं असणार. निमुळतं डोकं फटीत शिरतं आणि तिथेच संसार मांडतं. फुटबॉल जिग मिळते, तिचं डोकं आडवं, रुंद असतं. ती दगडावर डुलते, फटीत जात नाही. जड घेऊ नकोस. तळ लागल्याचं कळेल इतपतच वजन. रंग तपकिरी, कारण दगडाखालचे ते कोळंबी-खेकड्यासारखे जीव, क्रॉफिश, तसेच असतात आणि बासला तेच आवडतात.

आणि जिगला उड्या मारायला लावू नका. हळू ओढायची. तांदूळ निवडताना बोटाला खडा लागतो ना, तसा दगड लागला पाहिजे. अडकली तर खेचू नये, दोरा सैल सोडावा, बोट पलीकडून घ्यावी आणि उलट्या बाजूने सोडवावी. सुटली की दोऱ्याचं शेवटचं वीतभर टोक चाचपावं. खरखरीत लागलं की कापून नवी गाठ. तुम्ही कापत नसणार. वाया जातं ना!

पुन्हा तुटला तर तुटलेलं टोक मला पाठव. फोटो नको, टोक. कागदाला चिकटवून.

पेशन्स कोणाला नाही ते आपण नंतर बघू.

शैलामावशी

*

कॅरी
३१ मार्च

मावशी,

तू सांगितलंस ते सगळं केलं. अक्षरशः सगळं. फ्लोरोकार्बन आणला. हो, ती तोच मागत होती, झालं समाधान? फुटबॉल जिग आणल्या, तपकिरी. आणि परवा शनिवारी जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही.

पहिला अर्धा दिवस तुझं नाव घेत होतो. जिग अडकेनात. रुही इतकी हळू ओढत होती की मलाच झोप यायला लागली. मग पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी तिची रॉड वाकली. मावशी, मी असा मासा आजवर नुसता व्हिडिओत बघितला होता. बोटीजवळ आला, वर आला, तोंड उघडून डोकं हलवलं. आन्या जाळी घेऊन वाकली. आणि फट्! दोरा रिकामा. नंतर आन्याच्या रॉडवर एक लागला, तोही गेला. मग रुहीच्या दुसऱ्या रॉडवरचा आणखी एक. सगळे तसेच, फट् आणि गायब. आणि मी इंजिनापाशी हात बांधून बसलेला, नियमाप्रमाणे.

काठावर आलो तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. सगळे उभे होते, कोच होते, बाकीची पोरं होती. मी म्हणालो, "रुही, गाठ नीट बघत जा म्हणून किती वेळा सांगितलं? युवर हँड्स आर नॉट केअरफुल." इंग्लिशमध्ये म्हणालो, म्हणजे सगळ्यांना कळलं. ती गाडीत मागे बसली. अजून बोलत नाहीये. आन्याने रडून घेतलं आणि कोचला विचारलं की शेवटच्या स्पर्धेला दुसरी पार्टनर मिळेल का. ती १७ मेला आहे. रुहीने तर रॉड गराजमध्ये नेऊन ठेवल्यात, भिंतीकडे तोंड करून.

मला आता तुझाही राग आलाय. आधी निदान दगडाने तुटायचा, आता मोकळ्या पाण्यात तुटतो! मी आदल्या दिवशी सगळ्या रॉड स्वतः तपासल्या होत्या, एकेक जिग स्वच्छ पुसून. माझ्याकडून काही राहिलं नव्हतं.

टोकं चिकटवलीत. बघ काय दिसतंय ते. आणि मागचं पत्र बसमध्ये लिहिलंस का? अक्षर कसलं गिचमिड! निम्मं शिवांगीला विचारून वाचलं.

केदार

*

पिस्कॅटवे
६ एप्रिल

केदार,

अक्षराचं राहू दे. घाईत होते.

टोकं बघितली. खिडकीत धरून बघितली, भिंगातून बघितली. दगडावर घासून तुटलेलं टोक पिंजलेलं असतं, पांढुरकं. तुझं एकही तसं नाही. तुझी टोकं सगळी डुकराच्या शेपटीसारखी गोल वळलीत. असं टोक एकाच कारणाने वळतं. दोरा तुटलाच नाही, गाठ सुटली.

आता ऐक. फ्लोरोकार्बनची गाठ आवळताना दोरा दोऱ्यावर घासतो आणि तापतो. कोरडी आवळली तर आतल्या आत भाजते. दिसायला एकदम सुबक, वर्गात पहिली येईल अशी, पण आत मेलेली. म्हणून आवळण्याआधी ती तोंडात धरून ओली करायची. मग हळूच ओढायची. सुईत दोरा ओवताना टोक तोंडात धरतोस ना, तितकीच साधी गोष्ट. मी मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण हे कोणी लिहितं का? भात खाताना चावून खा असं कोणी लिहीत नाही.

तुझ्या त्या वेणीच्या दोऱ्याला असं भाजण्याचं भय नसतं, आणि तो गाठीपर्यंत वेळ यायच्या आत दगडावरच जायचा. म्हणून हे आजवर झाकलं गेलं.

पण मला एक कळत नाहीये. या क्लबच्या पोरी पहिल्या आठवड्यात गाठ ओली करायला शिकतात. मी इथे नदीवर बघितल्यात, शेंबडी पोरंसुद्धा थुंकी लावून बांधतात. दोघींच्या रॉडवर, सगळ्याच्या सगळ्या गाठी कोरड्या कशा?

गाठी कोणी बांधल्या, केदार?

शैलामावशी

*

कॅरी
११ एप्रिल

मावशी,

कोणी बांधल्या म्हणजे काय? हा काय चौकशी आयोग आहे?

ठीक आहे. मी बांधल्या. फेब्रुवारीत एकदा गराजमध्ये गेलो तर रुही दोरा तोंडात धरून उभी. तोच दोरा, जो आदल्या दिवशी माशाच्या तोंडातून आला होता! मी ओरडलो, "शी! काय करतेस? उष्टं आहे ते!" तर हसून म्हणते, "डॅड, एव्हरीबडी डझ इट." एव्हरीबडी करत असतील. आपण नाही करत. आपण एका बाटलीतून पाणी पितानासुद्धा वरून पितो. मासा, तलावाचं घाण पाणी, कसले कसले जंतू. तिला सांगून उपयोग नव्हता. मग मी प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी, ती शाळेत असताना, तिच्या सगळ्या गाठी कापायचो आणि हात धुऊन, नवा दोरा पुसून, नव्या बांधायचो. आन्याच्या रॉडही आमच्याच गराजमध्ये असतात, त्याही. माझ्या गाठी तिच्यापेक्षा दसपट नीटनेटक्या आहेत. बघून कोणीही सांगेल.

तिला माहीत नाही. सांगायचं काय त्यात? बाप मुलीचं सामान नीट करून ठेवतो, गुन्हा आहे का?

आणि काठावर मी जे बोललो ते रागात बोललो. माणूस आहे मी.

आता मे महिन्यासाठी एक सरळ उपाय सुचतोय. तुला एवढं येतं ना, मग तूच वीस-पंचवीस जिग हातभर दोऱ्याला बांधून पाठव. तुझ्या पद्धतीने ओल्या. इथे फक्त जोडायचं काम. कोणाला काही सांगायला नको, कोणाचं मन दुखायला नको. तुला असं किती वेळाचं काम आहे?

केदार

*

पिस्कॅटवे
१९ एप्रिल

केदार,

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. वाचवत नसेल तर शिवांगीला दे.

घाईत नव्हते मी. बसमध्येही नव्हते. माझे हात थरथरतात. बारीक काही धरलं की सुरू होतं. सुई, चमचा, पेन. फोनवरची ती चिमुकली अक्षरं तर मला वाकुल्या दाखवतात, म्हणून अंगठा पाठवते. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही. तेवढं ऐकून सगळे खूश! गाडी चालवते, स्टिअरिंग घट्ट धरलं की हात गुपचूप राहतात. पण गाठ? दोन वर्षांत एकही बांधलेली नाही. शेवटची बांधायला गेले तेव्हा गळ अंगठ्यात घुसला आणि तरी गाठ झाली नाही. नदीकाठी दगडावर बसून मी रडले रे, चिडून. त्यानंतर गेलेच नाही. कोणाला सांगितलं नाही, शुभाताईलाही नाही. ती लगेच अंगारा पाठवेल.

तू मला वीस-पंचवीस बांधायला सांगतोस. मला एक बांधता आली असती ना, तर मी तुझ्या पत्रांना उत्तरं देत घरात बसले नसते.

आता तुझं. मला तुझा इतका राग आलाय की पेन दोनदा खाली पडलं, आणि दोन्ही वेळा थरथरण्यामुळे नाही. तुझी दहाच्या दहा बोटं धड आहेत आणि तोंडाला सोवळं नेसवलंयस. तेही ठीक. आमच्या आईने आम्हाला आणि शुभाताईने तुला तसंच वाढवलं. मीही लग्न होऊन मालवणात गेले तेव्हा आठवडाभर सासूच्या माशांच्या हंडीकडे बघून नाक मुरडत होते. पण ती पोर गेले तीन आठवडे स्वतःच्या हातांकडे बघत बसली असेल. चार लोकांत बापाने सांगितलं, तुझे हात नीट नाहीत. आणि तिला ते खरं वाटतंय, कारण मासे सुटले ते तिने डोळ्यांनी बघितलेत. आपल्या हातांचा भरवसा जाणं म्हणजे काय, ते मला विचार. माझे खरंच गेलेत. तिचे चांगले आहेत, ते तू घालवतोयस.

आन्याला बोलव, तिला बोलव, आणि सांग. ज्या भाषेत काठावर बोललास त्याच भाषेत सांग. मला उत्तर त्यानंतरच पाठव. त्याआधी आलेलं पत्र मी उघडणार नाही.

शैलामावशी

*

कॅरी
४ मे

मावशी,

सांगितलं. आता उघड.

तुझं पत्र आलं आणि मी आठवडाभर नुसता चिडचिड करत फिरलो. मीटिंगमध्ये एकाला उगाच झापलं. शिवांगी म्हणाली, तू एक तर बोल नाहीतर बाहेर झोप. तुझे हात असे झालेत हे वाचून मला कसं झालं ते लिहिता येत नाही. मी तुझ्या अक्षराची चेष्टा केली. जाऊ दे, समोर भेटलीस की बोलू.

काल गराजमध्ये गेलो. कोपऱ्यात रुहीची अगदी पहिली रॉड होती, तुटक्या मुठीची, क्लबने दिलेली. तिला मी कधी हात लावला नव्हता, कारण ती स्पर्धेला नेत नव्हती. तिच्यावर क्लबनेच भरलेला फ्लोरोकार्बन होता आणि फेब्रुवारीतली जिग तशीच होती. रुहीने बांधलेली, ओली करून. दिसायला ओबडधोबड, टोक वाकडं कापलेलं. मी जिग वर्कबेंचच्या पकडीत धरली आणि दोरा तळहाताला गुंडाळून ओढला. मग पाय लावून ओढला. तळहात कापला, रक्त आलं. गाठ हलली नाही, मावशी. मग शेजारच्या रॉडवरची माझी ओढली, ती देखणी. फट्. शेपटी.

मी ती जुनी रॉड घेऊन वर गेलो. आन्या आलेलीच होती, दोघी डायनिंग टेबलाशी गणित करत होत्या. मी म्हणालो, "आय टाइड देम. ऑल ऑफ देम. युवर नॉट्स वर गुड." आणि मग सगळं. शुक्रवार, कात्री, सगळं. आन्याचं तोंड उघडंच राहिलं. रुहीने पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. मग मराठीत म्हणाली, "बाबा, मी रोज रात्री यूट्यूब बघून प्रॅक्टिस केली. मला वाटलं मी स्टुपिड आहे." ती मला बाबा म्हणाली तेव्हा मला जास्त लागलं. एरवी डॅड म्हणते.

मी सॉरी म्हणालो. तिने ओके म्हटलं नाही.

खाली गेली, सगळ्या रॉड वर आणल्या, माझी एकेक गाठ कापली आणि दोऱ्याचं टोक माझ्यापुढे धरलं. "बांध. आत्ता. इथे." मी जिग ओवली, वेढे घेतले. मग थांबलो. शिवांगी स्वयंपाकघरातून बघत होती. आई पुण्यात आहे म्हणून बरं. धरला मी तोंडात. प्लास्टिक आणि तलावाची चव, काय सांगू! रुही म्हणाली, "स्लोली." मी हळू आवळली. तिने ओढून बघितली, दोनदा. मग आन्याला दिली. तिनेही ओढली. कोणी शाबास म्हणालं नाही. पुढची रॉड पुढे केली.

सगळ्या झाल्यावर रुहीने निकाल दिला. दोघी १७ तारखेला एकत्र जाणार. पण कॅप्टन मी नाही. म्हणाली, तू बसलास की माझे हात टाइट होतात. या वेळी नको. मी वाद घालणार होतो. घातला नाही.

मग कोण, तर तिला तूच हवी आहेस. मी तुझी पत्रं वाचून दाखवली, सगळी, हातांचं धरून. विचारायला हवं होतं तुला, पण राहवलं नाही. म्हणाली, "कॅप्टन कान्ट टच एनीथिंग एनीवे." इंजिनाचं चाक घट्ट धरायचं असतं, ते तुला जमतं असं तूच लिहिलंयस. कोचशी बोललोय. मी काठावर ट्रेलर आणि डबा घेऊन उभा राहीन.

सोबत एक जिग पाठवतोय. मी बांधलेली, तोंडात धरून. ओढून बघ.

केदार

*

पिस्कॅटवे
९ मे

केदार,

माझी पत्रं जगाला वाचून दाखवायची असतात हे मला नवीन कळलं. त्याचा हिशेब तिथे आल्यावर.

तुझी जिग मिळाली. गळ स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरच्या मुठीत अडकवला, दोरा मनगटाला गुंडाळला आणि ओढला. हात थरथरत होता, पण ओढायला थरथर चालते. पुन्हा ओढला, जोर लावून. सगळा ड्रॉवर बाहेर आला. चमचे, डाव, किसणी, लाटणं, सगळं पायावर. शेजारची रीमा धावत आली, तिला वाटलं मी पडले. मी हसत होते, तिला काही कळेना.

गाठ जागेवर आहे. टोक जरा लांब सोडलंयस, ते कापत जा.

रुहीला सांग, मी बोटीत गप्प बसणारी नाही. नियमात हात लावायला बंदी आहे, बोलायला नाही ना? नीट विचारून ठेव. आणि तुला बोटीत घेतलं नाही म्हणून तोंड पाडून बसू नकोस. सगळ्या गाठी आदल्या शुक्रवारी तूच बांधायच्यास, ती घरी असताना, ती सांगेल तशा. मी समोर खुर्ची टाकून बसणार आहे.

डब्यात दडपे पोहे कर, आणि माशाच्या पिशवीपासून लांब ठेव. एवढं सोवळं मीही पाळते.

गुरुवारी दुपारच्या विमानाने येतेय, घ्यायला ये. चमचे अजून खालीच पडलेत. बॅग भरून झाली की उचलेन.

शैलामावशी